मुलांना शूटिंग शिकायचंय, मग पहिलं पिस्तूल कोणतं घ्यायचं?

२८ जुलै २०२४. फ्रान्समधल्या शातूरूच्या रेंजवर मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ मेडल जिंकलं. ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं मेडल मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. दोनच दिवसांनी तिने सरबजोत सिंगसोबत मिक्स्ड टीमचं ब्राँझही मिळवलं. १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं.

पाच दिवसांत तीन मेडल्स, तिन्ही नेमबाजीची.

टीव्हीसमोर बसलेल्या बऱ्याच मुलामुलींनी त्या आठवड्यात घरात एकच वाक्य म्हटलं असणार, "बाबा, मला पण शूटिंग शिकायचंय."

आणि मग बाबा मोबाईल काढतात. सर्च केल्यावर एका बाजूला काही हजारांत मिळणारं, सिनेमातल्या पिस्तुलासारखं दिसणारं एअर पिस्तूल दिसतं. दुसऱ्या बाजूला दीड-दोन लाखांचं जर्मन, ऑस्ट्रियन किंवा स्विस पिस्तूल. मध्येच कुणीतरी सांगतं, "पॉइंट टू-टूच घ्या, खरं शूटिंग तेच."

इथे चुकीचा निर्णय झाला तर नुसते पैसे जात नाहीत. हाताला न बसणारं, जड पिस्तूल घेऊन रोज सराव करणारं मूल चुकीच्या सवयी लावून घेतं, त्याचं मनगट आणि खांदा दुखायला लागतो आणि सहा महिन्यांत पिस्तूल कपाटात जातं. शिवाय कायदा नीट माहीत नसेल तर प्रकरण पोलीस स्टेशनपर्यंत जाऊ शकतं.

म्हणून पहिलं पिस्तूल निवडायचं कसं, हे एकेक मुद्दा घेऊन समजून घेऊ.

आधी ठरवा, एअर पिस्तूल की पॉइंट टू-टू?

टार्गेट पिस्तूल म्हटलं की प्रामुख्याने दोन प्रकार समोर येतात.

पहिला एअर पिस्तूल. यात दारूगोळा नसतो. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, म्हणजे पेलेट, बाहेर पडतो. टार्गेट १० मीटरवर असतं. मनूची दोन्ही मेडल्स याच प्रकारातली.

दुसरा स्पोर्ट्स पिस्तूल. यात पॉइंट टू-टू म्हणजे ५.६ मिलिमीटरची खरी गोळी वापरतात. टार्गेट २५ मीटरवर असतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात गोल्ड जिंकलं आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं गोल्ड मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. पॅरिसमध्ये मनूही या प्रकारात खेळली होती, तिचा नंबर चौथा आला.

दोन्हींमधला फरक ताकदीचा आहे. मॅच एअर पिस्तुलातून सुटणाऱ्या छर्ऱ्याची ऊर्जा साधारण ६ जूल असते. पॉइंट टू-टूची गोळी सहज १०० जूलच्या आसपास जाते. म्हणजे जवळपास पंधरा पटींहून जास्त. तिला आवाज आहे, झटका आहे आणि त्यामुळे कायद्याची बंधनंही कडक आहेत.

नवशिक्यासाठी उत्तर सोपं आहे. सुरुवात एअर पिस्तुलानेच करायची. झटका जवळजवळ नसल्यामुळे मुलाला आपली चूक दिसते. छर्रा डावीकडे लागला तर बोट चुकलं की मनगट, हे कोचला सांगता येतं. पॉइंट टू-टूचा आवाज आणि झटका यात ही चूक झाकली जाते. वर मुलाला दचकायची सवय लागते ती वेगळीच. गोळी सुटायच्या आधीच हात आक्रसतो आणि ही सवय मोडायला अनेक महिने जातात.

कायदा काय सांगतो?

भारतात शस्त्रांसाठी १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत.

एअर पिस्तुलाचा बोअर ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसेल आणि ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त नसेल तर शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेची सगळी १० मीटर एअर पिस्तुलं या मर्यादेच्या बरीच आत असतात. तरी विक्रेते ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतात. ते द्या आणि पक्कं बिल घ्या. पुढे प्रवासात, स्पर्धेत किंवा कुणी विचारलं तर हेच बिल कामाला येतं.

पॉइंट टू-टूचं पिस्तूल हे कायद्याच्या भाषेत बंदूकच आहे. त्याला परवाना लागतो, गोळ्याही परवान्यावरच मिळतात. २१ वर्षं पूर्ण न झालेल्या व्यक्तीला असा परवाना एरवी मिळत नाही. मग शाळा-कॉलेजातली मुलं हा प्रकार खेळतात कशी? तर कायद्यात प्रशिक्षणासाठी सवलत आहे. रायफल असोसिएशन किंवा मान्यताप्राप्त क्लबच्या रेंजवर, नियमांच्या चौकटीत आणि कोचच्या देखरेखीखाली सराव करता येतो. त्यासाठीची नेमकी कागदपत्रं जिल्हा किंवा राज्य रायफल असोसिएशनकडूनच समजून घ्या. ओळखीच्या माणसाचं परवान्याचं पिस्तूल घेऊन शेतावर जाऊन "जरा नेम धरून बघू" हा प्रकार सरळ गुन्ह्यात मोडतो.

आणखी एक. परवाना लागत नाही म्हणजे एअर पिस्तूल खेळणं झालं असं नाही. ६ जूलचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. वन्य पक्षी-प्राण्यांवर नेम धरला तर वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. आणि पिस्तूल हातात घेऊन रस्त्यावर फिरलात, रील बनवलं, तर समोरच्याला ते खरं की एअर हे कळत नाही. पोलिसांनाही नाही.

पिस्तूल आधी की क्लब आधी?

क्लब आधी.

महाराष्ट्रात यासाठी चांगली सोय आहे. पुण्यात बालेवाडीला रेंज आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, कोल्हापुरात दुधाळीची रेंज आहे. इतर शहरांतही १० मीटरच्या छोट्या खासगी रेंज सुरू झाल्यात, कारण १० मीटरला एक मोठा हॉल पुरतो. बहुतेक ठिकाणी नवशिक्यांसाठी क्लबची पिस्तुलं असतात. महिन्याच्या फीमध्ये किंवा थोडं भाडं देऊन ती वापरता येतात.

पहिले तीन ते सहा महिने याच पिस्तुलांवर काढावेत. कारणं तीन.

एक, मुलाला खरंच आवड आहे का हे कळतं. नेमबाजी टीव्हीवर दिसते तितकी थरारक नसते. एका जागी उभं राहून तीच कृती शेकडो वेळा करायची असते. काही मुलांना यात प्रचंड मजा येते, काही तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. दोन्ही नॉर्मल आहे.

दोन, पिस्तूल की रायफल हे ठरतं. अनेक मुलं पिस्तूल म्हणून येतात आणि रायफलमध्ये रमतात.

तीन, दोन-चार वेगवेगळी पिस्तुलं हाताळल्यावर आपल्या हाताला काय बसतं हे मुलालाच कळायला लागतं. दुकानात पाच मिनिटं धरून हे कळत नाही.

बाजारात कोणते प्रकार मिळतात?

हवा कशी दाबली जाते यावरून एअर पिस्तुलाचे चार मुख्य प्रकार पडतात.

*स्प्रिंगवालं.* नळी किंवा लिव्हर मोडून आतली स्प्रिंग ताणायची. स्वस्त, दणकट, देखभाल कमी. पण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच आत स्प्रिंगचा धक्का बसतो आणि पिस्तूल हलतं. घराच्या आवारात ओळख करून घ्यायला ठीक, स्पर्धेच्या सरावाला नाही.

*सीओटूवालं.* कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या कॅप्सूलवर चालतं. अडचण अशी, की तापमान बदललं की या वायूचा दाब बदलतो. नागपूरच्या मे महिन्यात आणि डिसेंबरच्या सकाळी तेच पिस्तूल वेगवेगळं मारतं. ऑनलाइन दिसणारी "अगदी खऱ्यासारखी" पिस्तुलं बहुतेक याच प्रकारातली असतात. त्यातली बरीच छर्ऱ्याऐवजी स्टीलच्या गोल गोळ्या मारतात. या गोळ्या कडक पृष्ठभागावर आपटून उलट्या येतात. टार्गेट शूटिंग शिकायला या पिस्तुलांचा उपयोग नाही.

*सिंगल स्ट्रोक.* लिव्हर एकदा उघडून बंद केली की एका शॉटपुरती हवा दाबली जाते. सिलिंडर नको, पंप नको. दर वेळी दाब सारखा, धक्का जवळजवळ नाही. रशियाचं बायकल आयझेडएच-४६एम किंवा इटलीचं फास ६००४ ही यातली जगभर माहीत असलेली नावं. कमी बजेटमध्ये गंभीर सराव करायचा तर हा प्रकार चांगला आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. लिव्हर दाबायला ताकद लागते, दहा-बारा वर्षांच्या मुलाचा हात साठ शॉटमध्ये भरून येतो. आणि बायकलसारखं पिस्तूल एक किलोहून जड आहे, वजन पुढच्या बाजूला आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला जमेल, लहानग्याला नाही.

*पीसीपी.* सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते. एकदा भरलं की दीडशे-दोनशे शॉट होतात. कॉक करायला बोटभर ताकद पुरते, पिस्तूल जागचं हलत नाही. आज स्पर्धेत जवळजवळ सगळे हेच वापरतात. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, पार्दिनी ही नावं रेंजवर रोज ऐकू येतात.

यातल्या काही कंपन्या लहान हातांसाठी वेगळी मॉडेल्स बनवतात. फाइनवेर्कबाऊचं पी-११ पिकोलो किंवा स्टायरचं एलपी-२ कॉम्पॅक्ट ही त्याची उदाहरणं. नळी आणि सिलिंडर आखूड, त्यामुळे वजन कमी आणि तेही मनगटाच्या जवळ. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी मोठ्यांच्या टॉप मॉडेलपेक्षा हे जास्त उपयोगाचं ठरतं. तुमच्या भागातल्या विक्रेत्याकडे असं मॉडेल आहे का, हे विचारून बघा. बरेच पालक विचारतच नाहीत.

महाग पिस्तुलाने जास्त स्कोअर येतो का?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. थोडं गणित करून बघू.

१० मीटर एअर पिस्तूलच्या टार्गेटवर १० नंबरचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर रुंद असतं. शर्टाच्या बटणाएवढं. कोणतंही बरं मॅच पिस्तूल स्टँडला घट्ट बांधून मारलं तर त्याचे छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. हे दीड लाखाच्या पिस्तुलाचं होतं आणि त्याहून बऱ्याच स्वस्त सिंगल स्ट्रोकचंही होतं. म्हणजे नळी दहा मारायला तयारच असते.

आता माणूस मध्ये आणा. पिस्तुलावर पुढे एक साइट असते, मागे एक खाच. दोन्हींमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. ट्रिगर ओढताना मनगट जरा वळलं आणि पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर बाजूला जातो. दहाचा थेट सात होतो.

याउलट मनगट न वळता अख्खा हात १ मिलिमीटर सरकला, तर छर्राही फक्त १ मिलिमीटरच सरकतो. दहाचा दहाच राहतो.

म्हणजे हात थोडा हलला तरी चालतं, मनगट वळलेलं चालत नाही. आणि मनगट वळतं कशामुळे? ग्रिप हातात नीट बसत नाही म्हणून, ट्रिगर ओढताना बोट वाकडं जातं म्हणून आणि वजन पेलत नाही म्हणून. पिस्तूल निवडताना बघायचं ते नेमकं हेच.

ग्रिप: पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

मॅच पिस्तुलाची ग्रिप लाकडी असते आणि स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापात येते. डावखुऱ्यांसाठी वेगळी. शाळेच्या बुटांसारखं "एक साइज मोठा घेऊ, वाढत्या वयाचा आहे" हे इथे चालत नाही. मोठ्या ग्रिपमध्ये हात सरकतो आणि मूल घट्ट पकडायला लागतं. घट्ट पकडलं की हात थरथरतो. मूल वाढल्यावर बदलायची ती फक्त ग्रिप, अख्खं पिस्तूल नाही. ग्रिप वेगळी विकत मिळते.

ग्रिप बसते की नाही हे बघायची एक सोपी पद्धत आहे. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, रेंजवर टार्गेटच्या दिशेने मुलाला उभं करा. डोळे मिटून हात खांद्याच्या उंचीला न्यायला सांगा. दोन श्वास, मग डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली तर ग्रिप हाताला बसतेय. दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल तर ग्रिप चुकीची आहे किंवा तिचा कोन बदलायला हवा. हे पाच-सहा वेळा करून बघा.

तळहाताच्या खाली ग्रिपला एक पट्टी असते, ती वरखाली सरकवता येते. ती हाताला टेकायला हवी, आवळायला नको. बाकी बारीकसारीक जागा भरायला नेमबाज लाकडाची पुट्टी लावतात, जिथे टोचतं तिथे पॉलिश पेपरने घासतात. रेंजवर ओबडधोबड, ठिगळं लावलेली ग्रिप दिसली तर हसू नका. ती बहुधा चांगल्या नेमबाजाची असते.

वजन: किलोचा हिशेब

आंतरराष्ट्रीय नियमानुसार एअर पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत चालतं. बहुतेक मॅच पिस्तुलं ९०० ग्रॅम ते १ किलोच्या दरम्यान असतात. ऐकायला कमी वाटतं. पण हे एका हाताने, हात सरळ ठेवून, कसलाही आधार न घेता धरायचं असतं. ज्या हातात पिस्तूल त्या हातात घड्याळ किंवा ब्रेसलेटसुद्धा चालत नाही.

आणि स्पर्धा असते साठ शॉटची, सव्वा तासाची. त्याआधी सरावाचे शॉट वेगळे. काही वेळा हात वर नेऊन, शॉट न मारता खाली आणावा लागतो. म्हणजे एका मॅचमध्ये हात शंभरच्या आसपास वेळा वर जातो.

घरी चाचणी घ्यायची तर एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली एका हातात धरून हात सरळ खांद्याच्या उंचीला न्या आणि दहा सेकंद धरा. असं दहा वेळा करा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. पाचव्या वेळी मुलाची कंबर मागे झुकायला लागली किंवा खांदा कानाकडे चढला तर किलोभराचं पिस्तूल त्याच्यासाठी अजून लवकर आहे. हलकं मॉडेल बघा, किंवा क्लबच्या पिस्तुलावर कमी शॉट आणि जोडीला व्यायाम. वजनाचे जोड नंतर केव्हाही लावता येतात.

ट्रिगर: हलका पण नियमात

एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा असा नियम आहे. स्पर्धेआधी तपासणी होते. नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि ते उचललं जायला हवं. २५ मीटर पिस्तूलसाठी हीच मर्यादा १००० ग्रॅम आहे.

चांगल्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. आधी थोडी मोकळी चाल, मग बोटाला अडथळा जाणवतो आणि त्यापुढे जरा दाब वाढवला की शॉट. हा अडथळा दर वेळी त्याच जागी, तसाच लागायला हवा. ट्रिगरची पाती पुढे-मागे सरकते का हेही बघा. लहान बोट असेल तर ती मागे घ्यावी लागते. बोटाच्या पहिल्या पेराचा गुबगुबीत भाग ट्रिगरवर टेकून सरळ मागे ओढता आला पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल?

२५ जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक. १० मीटर एअर पिस्तूलच्या क्वालिफिकेशनमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत तिची महत्त्वाची मिनिटं गेली. उरलेल्या वेळेत घाईघाईने शॉट पूर्ण करून तिने ५७५ गुण मिळवले, पण नंबर बारावा आला आणि फायनल हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये ती मेडल घेऊन आली.

यातून नवशिक्याच्या पालकांनी घ्यायचा धडा असा, की महागातलं यंत्रही बंद पडतं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फार साफ असतो यात वाद नाही. पण त्याला बॅटरी, सर्किट आणि जाणकार मेकॅनिक लागतो. मेकॅनिकल ट्रिगर चांगला सेट केलेला असेल तर शिकणाऱ्याला काही कमी पडत नाही. खरेदीआधी विक्रेत्याला हा प्रश्न विचाराच, "बिघडलं तर दुरुस्त कोण करणार आणि कुठे?" उत्तर "कंपनीकडे पाठवावं लागेल" असं आलं तर मुलाचा सीझन कुरियरमध्ये जाऊ शकतो. तुमच्या रेंजवर जे मॉडेल सगळ्यात जास्त लोक वापरतात ते घेण्यात शहाणपण आहे. सुटे भाग, सील आणि सल्ला तिथेच मिळतो.

सेकंड हँड घ्यावं का?

घ्यावं, बघून. अनेक नेमबाज वरचं मॉडेल घेतात आणि जुनं विकतात. तीन गोष्टी तपासा.

सिलिंडरवरची तारीख. एअर सिलिंडरला मुदत असते, जास्तीत जास्त १० वर्षं. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि २०० बार दाबाची जुनी नळी मुलाच्या हातात असणं बरंही नाही. नवीन सिलिंडरचा खर्च किमतीत धरा.

गळती. सिलिंडर भरून, काट्यावरचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा.

मूळ बिल आणि नंबर. पिस्तुलावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच हवा. व्यवहार करण्याआधी कोचकडून चाळीस-पन्नास शॉट मारून घ्या.

पिस्तुलाशिवाय किती खर्च?

नवं परदेशी मॅच पिस्तूल हातात पडेपर्यंत दीड-दोन लाखांच्या घरात जातं, काही मॉडेल्स त्याहून पुढे. पण तो एकदाचा खर्च. दर महिन्याचा खर्च वेगळा.

मूल रोज ६० ते ८० शॉट मारतं आणि आठवड्यात पाच दिवस जातं असं धरलं तर महिन्याला साधारण १२०० ते १६०० छर्रे लागतात, म्हणजे ५०० चे तीन डबे. चपट्या डोक्याचेच छर्रे घ्या, ते कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडतात. यात रेंजची फी, कोचची फी, हवा भरण्याचा खर्च, चपटे आणि टणक तळव्याचे बूट आणि स्पर्धांचा प्रवास मिळवा.

बजेट मर्यादित असेल तर पैसे आधी कोचवर आणि छर्ऱ्यांवर खर्च करा. उरतील त्यात पिस्तूल.

एक सराव तर फुकट आहे. बहुतेक मॅच पिस्तुलांत छर्रा आणि हवा न वापरता ट्रिगर ओढायची सोय असते. रिकाम्या पिस्तुलाने पांढऱ्या भिंतीकडे बघत, साइट न हलवता ट्रिगर ओढायचा. याला ड्राय फायर म्हणतात. मोठे नेमबाजही तो नियमित करतात.

पहिल्या दिवसापासूनचे नियम

पिस्तूल नेहमी भरलेलं आहे असं समजूनच हाताळायचं. नळी कायम टार्गेटकडे. शॉट मारायचा क्षण येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. शॉट संपले की नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रंगीत दोरी, घालायची. ती दोन्हीकडून दिसली की सगळ्यांना कळतं, नळीत काही नाही.

छर्रे शिशाचे असतात आणि शिसं लहान मुलांच्या शरीराला घातक आहे. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही. छर्रे तोंडात धरणं तर अजिबात नाही.

सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची. ऑक्सिजन कधीही नाही, स्फोट होऊ शकतो.

घरी पिस्तूल कुलपात, छर्रे वेगळ्या जागी. पाहुण्यांची मुलं आली म्हणून दाखवायला काढायचं नाही.

मग पॉइंट टू-टू कधी?

एअर पिस्तूलवर स्कोअर स्थिर व्हायला लागला, अंगात ताकद आली आणि कोचने सांगितलं की. तोपर्यंत मूल जिल्हा, मग राज्य स्पर्धा खेळून पुढे आलेलं असतं. पुढच्या टप्प्यावर राष्ट्रीय स्पर्धेआधीची मावळणकर स्पर्धा लागते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्या नावाची ही स्पर्धा आहे. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया सुरू झाली तेव्हा पहिले अध्यक्ष तेच होते. इथपर्यंत पोहोचलेल्या मुलाला कोणतं पिस्तूल घ्यायचं हे आईबाबांना सांगावं लागत नाही.

थोडक्यात सांगायचं तर

मूल दहा ते तेरा वर्षांचं असेल तर क्लबचं पिस्तूल, आणि घ्यायचंच झालं तर छोटं, हलकं पीसीपी. चौदाच्या पुढे आणि बजेट कमी असेल तर सिंगल स्ट्रोक किंवा तपासून घेतलेलं सेकंड हँड पीसीपी. बजेट असेल तर रेंजवर ज्याची दुरुस्ती होते असं मेकॅनिकल ट्रिगरचं पीसीपी, मापाच्या ग्रिपसह. खऱ्यासारखं दिसणारं सीओटू पिस्तूल कोणत्याच वयात नको.

आणि सुरुवात करायची असेल तर येत्या रविवारी मुलाला घेऊन जवळच्या रेंजवर जा. तासभर बसून बघा, कोचशी बोला, मुलाला दहा शॉट मारू द्या. पाकीट मात्र त्या दिवशी घरीच ठेवा.